पेटीला प्रशस्तिपत्र, मावशींना नोटीस

हे प्रकरण मी तालुका आरोग्य अधिकारी असतानाचं. आरोग्य केंद्राचं आणि माणसांचं नाव घेत नाही. घेतलं तर पुन्हा कुणाला तरी खुलासा लिहीत बसावं लागेल. चूक कुणाची, असं विचाराल तर त्यात मीही आहे. ते पुढे येईलच.

पैनगंगेच्या बाजूचा तालुका, सगळा कापूस आणि सोयाबीनचा. जुलैत निंदणाला बाया वावरात उतरतात आणि परडही तिथेच असते. घोणसीला आमच्याकडे परड म्हणतात. ती पळून जात नाही, बसल्या जागी कुकरसारखी फुसकारते आणि पाय पडला की चावते. मण्यार रात्रीची, खाली अंथरुणावर झोपलेल्याला चावते, चावल्याची जागाही धड दिसत नाही. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’तून आला आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. आमच्यासाठी हा आकडा म्हणजे रात्री दहानंतर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, फाटकात थांबणारा ऑटो.

परड-फुरसं चावलेल्या पेशंटला एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, द्यायची की नाही, हे ठरवायला पीएचसीत एकच स्वस्त आणि भरवशाचं साधन असतं: वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतून दोन मिली ताजं रक्त काढायचं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत सोडायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदा वाकडी करून बघायची. गोळा जागच्या जागी बसलेला असेल तर रक्त गोठलं. ओघळलं तर परड किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय असं समजायचं आणि एएसव्हीच्या दहा व्हायल, म्हणजे कुप्या, सुरू करायच्या. मशीन लागत नाही, वीज लागत नाही. लागते फक्त नळी.

त्या पावसाळ्यात या केंद्रात एकामागून एक पेशंटचं रक्त ओघळत होतं. डॉक्टर तरुण, बंधपत्रावर आलेले, कामाला पक्के. प्रोटोकॉलप्रमाणे दहा व्हायल सलाईनमधून तासाभरात द्यायचे आणि एकशे आठला फोन करून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे. एका बाईला सलाईन सुरू असतानाच थंडी वाजून आली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. ॲड्रेनॅलिन हाताशी होतं म्हणून निभावलं. एएसव्ही घोड्याच्या रक्तापासून बनते, तिचं रिॲक्शन येऊ शकतं, हे सगळ्यांना माहीत असतं. जीव वाचवायचा तर तेवढा धोका घ्यावाच लागतो, असंच आम्ही धरून चालतो.

शंका आली ती वरच्या दवाखान्यातल्या एका फिजिशियनला. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. तुमच्याकडून येणाऱ्या पेशंटचं रक्त आमच्याकडे व्यवस्थित गोठतं, असं म्हणाले. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, एएसव्ही देऊनच पाठवतो. त्यावर फिजिशियननी विचारलं, किती वेळात पोचतात? दोन-अडीच तासांत. मग एवढ्या लवकर कसं गोठतं?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. एएसव्ही विष बांधून टाकते, पण विषानं संपवलेले गोठणारे घटक ती परत देत नाही. ते यकृत तयार करतं आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणूनच चाचणी सहा तासांनी पुन्हा करायची असते. पेशंट अडीच तासांत वर पोचतो, रक्त लगेच गोठतं, हिरड्यांतून रक्त नाही, पायाला सूजही बेताची. एकाच्या बाबतीत असं झालं तर नशीब म्हणायचं. सगळ्यांच्याच बाबतीत होत असेल तर त्यांचं रक्त मुळात बिघडलेलंच नव्हतं.

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि जे केलं ते मला आजही आवडतं. फार्मासिस्टला बोलावून एएसव्हीची बॅच तपासत बसले नाहीत, कुणाला फैलावर घेतलं नाही. सिस्टरांना म्हणाले, माझंच रक्त काढा. दोन मिली रक्त ड्रेसिंग टेबलावरच्या नळीत सोडलं. सिस्टर, लॅब टेक्निशियन, ड्रायव्हर, सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे. वीस मिनिटांनी नळी वाकडी केली. रक्त ओघळलं.

ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, तुमालेच परड चावली वाटते.”

सगळे हसले. दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशी हसल्या नाहीत. मावशी म्हणजे केंद्रातल्या स्त्री परिचर, नवरा गेल्यावर अनुकंपावर लागलेल्या. त्या म्हणाल्या, “सर, त्या नळ्या मी पावडरनं धुतो जी. चांगल्या घासून धुतो. त्याच्यानं तर नाही होत ना?”

त्याच्यानंच होत होतं. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची सुरुवात करून देतो. साबणाचा नजरेला न दिसणारा थर आत राहिला की ती सुरुवातच अडखळते, आणि चांगल्या माणसाचं रक्तही पातळ राहतं. प्लास्टिकच्या नळीतही असाच घोळ होतो. म्हणूनच ही चाचणी नव्या, कोरड्या, काचेच्या आणि कधी न धुतलेल्या नळीत करायची असते. मावशी जितकं मन लावून घासत होत्या तितकी चाचणी जास्त खोटी होत होती.

पण नळ्या धुवायच्या का लागत होत्या? कारण नव्या नव्हत्या. लॅब टेक्निशियननं सांगितलं होतं की वापरलेल्या टाकू नका, धुऊन ठेवा. का? मागणीपत्र दोनदा गेलं होतं आणि नळ्या आल्या नव्हत्या. मागणीपत्र कुठे होतं? माझ्या कार्यालयात. त्यावर माझी सही होती आणि खाली ‘साठा उपलब्ध नाही’ असा शेरा. म्हणजे ‘का’ विचारत विचारत मावशींपासून निघालो आणि चौथ्या पायरीवर माझ्याच टेबलाशी आलो. गुणवत्ता सुधारणेच्या प्रशिक्षणात पाच वेळा ‘का’ विचारा म्हणून शिकवतात. पाचव्याची गरजच पडली नाही.

त्यानंतरचं काम आठ दिवसांत झालं. नळ्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून बाजारातून आणल्या. रक्कम इतकी किरकोळ होती की सांगायची लाज वाटते. एएसव्ही, ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, निओस्टिग्मिन, सिरिंजा, सलाईनचे सेट हे सगळं फार्मासिस्टच्या कुलुपातून काढून ड्रेसिंग रूममध्ये एका पेटीत ठेवलं, म्हणजे रात्री किल्लीसाठी कुणाला उठवायला नको. आणि डॉक्टरांनी एक नियम घातला: एका वेळी नेहमी दोन नळ्या. एकीत पेशंटचं रक्त, दुसरीत सोबत आलेल्या धडधाकट नातेवाइकाचं. नातेवाइकाचंही ओघळलं तर नळी खोटी.

दोन नळ्या रात्रीच्या घाईत अदलाबदल होऊ नयेत म्हणून मावशींनी पेशंटच्या नळीला लाल दोरा बांधायला सुरुवात केली. औषधांच्या खोक्यातल्या थर्माकोलला दोन भोकं पाडून त्यात नळ्या उभ्या ठेवायच्या, म्हणजे कुणाचा धक्का लागून हलायला नकोत. वेळेचा प्रश्न राहिला. रात्री एकटी सिस्टर, एकीकडे सलाईन, दुसरीकडे रडणारे नातेवाईक. वीस मिनिटं कधी झाली हे कुणाच्या लक्षात राहणार? कधी बारा मिनिटांतच नळी वाकडी व्हायची, कधी चाळीस मिनिटांनी. मावशींनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून टेबलावर आणलं. रक्त नळीत पडलं की मोठा काटा जिथे असेल तिथून चार आकडे पुढे घड्याळाच्या काचेवर त्या एक टिकली चिकटवायच्या. कपाळावरची नव्हे, नव्या पाकिटातली. पाकीट पेटीतच ठेवलं होतं. काटा टिकलीखाली गेला की बघायचं. मोबाईलमध्ये गजर लावता येतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मोबाईल ज्याचा त्याच्या खिशात असते, टिकली साऱ्याले दिसते.

यापेक्षा नेमकं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

आता सन्मानाकडे येतो, कारण प्रकरण खरं तिथेच बिघडलं.

डॉक्टरांनी झालेलं सगळं प्रामाणिकपणे लिहून अहवाल पाठवला: चाचणी किती दिवस चुकीची होत होती, कुणाला गरज नसताना एएसव्ही गेली असावी, नळ्या कोण धुत होतं, का धुत होतं. मी तो वर पाठवला. वरून दोन ओळी आल्या: जबाबदारी निश्चित करून अनुपालन सादर करावे. वाया गेलेल्या व्हायलची किंमतही मागितली होती. मी लॅब टेक्निशियनला आणि मावशींना कारणे दाखवा नोटीस काढली. ‘आपण कर्तव्यात कसूर केल्याचे निदर्शनास आले असून’ हे वाक्य सगळ्या नोटिसांत तयारच असतं, नाव तेवढं भरायचं. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. पेशंटना त्रास झाला होता, एकीच्या जिवावर बेतलं होतं; कागद हलायला हवा होता. मागणीपत्रावरच्या माझ्या सहीबद्दल मात्र मला कुणी नोटीस काढली नाही. मी स्वतःही आठवण करून दिली नाही.

त्याच आठवड्यात २६ जानेवारीच्या सत्कारासाठी नावीन्यपूर्ण उपक्रमांचे प्रस्ताव मागवणारं पत्र आलं. मला पेटी आठवली. प्रस्ताव मीच लिहिला. शीर्षक दिलं ‘सर्पदंश तत्पर पेटी’. फोटो जोडले. धुतलेल्या नळ्यांचा भाग काढून टाकला, कारण प्रस्तावात कुणी स्वतःची चूक लिहीत नाही, आणि ती लिहायची तर रकाना कोणता? रकाने होते ते उपक्रमाचं नाव, उद्दिष्ट, लाभार्थी, खर्च आणि सहभागी अधिकारी-कर्मचारी यांचे. शेवटच्या रकान्यात दोन ओळींचीच जागा होती. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि सिस्टर बसले. मावशी बसल्या नाहीत.

प्रशस्तिपत्र मिळालं. शाल, श्रीफळ, फोटो झाला. डॉक्टरांनी स्टेजवरच मला हळूच विचारलं, सर, मावशींचं काय? मी म्हणालो, बघू. मावशी त्या दिवशी केंद्रात ड्युटीवर होत्या. झेंडावंदनाला बाकीचे सगळे बाहेर, मग कुणीतरी थांबायलाच हवं होतं. नोटिसीचा खुलासा त्यांनी सिस्टरकडून लिहून घेतला होता. त्यात एकच ओळ त्यांची स्वतःची होती: ‘मी विचारल्यामुळे चूक कळली.’

आरोग्य खात्यात सन्मानाच्या योजना कमी नाहीत. १५ मे २०१५ ला सुरू झालेल्या कायाकल्पमध्ये स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणाचे गुण मोजतात. आधी केंद्र स्वतःची तपासणी करतं, मग शेजारच्या संस्थेचे लोक येऊन करतात, शेवटी बाहेरचे. सत्तर टक्क्यांच्या वर गेलात तर पुढचा विचार. जिल्ह्यातल्या सर्वोत्तम पीएचसीला दोन लाख रुपये मिळतात आणि त्यातला पंचवीस टक्के भाग कर्मचाऱ्यांमध्ये वाटायचा असतो. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं प्रमाणपत्र आहे, बाळंतपणाच्या खोलीसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ ही योजना आहे, आपल्या राज्याचा डॉ. आनंदीबाई जोशी गौरव पुरस्कार आहे. केंद्र सरकारचा फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो. तो परिचारिका, एएनएम (आरोग्य सेविका) आणि एलएचव्हींसाठी (त्यांच्या पर्यवेक्षिकांसाठी) आहे, परिचर त्यात बसत नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांचा एकत्र गौरव केला. आमच्या तालुक्यातल्या आशांना तो मोबाईलवर कळला. त्या महिन्याचा मोबदला अजून जमा झालेला नव्हता, म्हणून एकीनं मला विचारलं, सर, याचे पैसे वेगळे येतात का?

या योजनांना मी नावं ठेवत नाही. कायाकल्प आल्यापासून आमच्या केंद्रांचे संडास बदलले, जैववैद्यकीय कचऱ्याचे रंगीत डबे खरोखर वेगवेगळे वापरले जाऊ लागले. पण पंचवीस टक्के वाटायची वेळ आली की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. जे केंद्र स्वच्छतेसाठी बक्षीस घेतं, तिथला सफाई कामगार ठेकेदाराकडचा असतो, आणि ठेकेदाराचा माणूस ‘कर्मचारी’ आहे का यावर तासभर चर्चा होते. एका ठिकाणी सगळ्यांनी आपल्या वाट्यातले थोडे थोडे काढून त्याला साडी-चोळी आणि बुशशर्टाचं कापड दिलं. चांगलंच केलं. कागदावर मात्र तो कुठेच आला नाही.

आणि विदर्भाला हे नवीन असायचं कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेता येते हे दाखवलं. ते काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात आलं. ते टिकलं, कारण बाईनं दारात जाऊन काय मोजलं, काय लिहिलं, कुठे बाळ हातचं गेलं, ते सगळं मोजमापात होतं. गेलेली बाळं वगळून तो निबंध छापता आला नसता. आम्ही प्रस्तावातून नळ्या वगळल्या.

त्याचं फळ पुढच्या पावसाळ्यात दिसलं. पेटीचं परिपत्रक निघालं होतं, प्रत्येक केंद्रात पेटी ठेवणे बंधनकारक. मी दुसऱ्या एका केंद्रात भेटीला गेलो. पेटी होती, वर छापील स्टिकर होतं, आत वस्तूंची यादी लॅमिनेट केलेली. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली फार्मासिस्टकडे. घड्याळाच्या काचेवर टिकली होती. कायमची, चारच्या आकड्यावर. परिपत्रकातल्या फोटोत टिकली तिथे होती म्हणून. नळ्या काढून बघितल्या. लखलखीत होत्या. वास घेतला. लिंबाचा वास आला.

गाडीत बसल्यावर मी ड्रायव्हरशी बोललो नाही.

दोन नळ्या का घ्यायच्या, हे परिपत्रकात नव्हतं. असतं तर नळी खोटी असू शकते असं लिहावं लागलं असतं. काटा फिरला की टिकलीही फिरते, हेही नव्हतं. चूक गाळली तशी अक्कलही गळून गेली होती. उरली होती ती पेटी. पहिल्या केंद्रात परत गेलो तर तिथे वेगळंच. डॉक्टरांचं बंधपत्र संपून ते पुढच्या शिक्षणाला गेले होते. लॅब टेक्निशियन आता कुठलीही अडचण तोंडी सांगत नव्हता, जे काही असेल ते आवक-जावकला नोंदवून. मावशी पेटीला हात लावत नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, “मले नोटीस आलती ना जी.”

मग मी जे केलं ते उशिरा केलं, आणि त्यातलं निम्मंच जमलं. नोटीस नस्तीबद्ध केली, म्हणजे फाईल बंद केली. नळ्यांच्या मागणीपत्राचा इतिहास जोडून वर कळवलं की कसूर पुरवठ्यात होती आणि माझ्या कार्यालयात होती. त्यावर काहीच उत्तर आलं नाही. सरकारी कामात ते बरंच असतं. मावशींच्या सेवापुस्तकात नोंद घेतली: चाचणीतील दोष सर्वप्रथम निदर्शनास आणून दिला. ‘उत्कृष्ट कार्य’ असं मुद्दाम लिहिलं नाही. उत्कृष्ट कार्य कुणाच्याही पुस्तकात असतं. दोष दाखवला असं लिहिलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. लिपिकानं दोनदा विचारलं, साहेब, हे शिक्षेच्या पानावर घ्यायचं की बक्षिसाच्या?

मासिक सभेची पहिली दहा मिनिटं ‘या महिन्यात काय फसलं’ यासाठी राखली. पहिले दोन महिने कुणीच बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात मी मागणीपत्राची गोष्ट सांगितली. मग एका सिस्टरनं लसीच्या डब्यातल्या आइसपॅकची सांगितली: बर्फ थोडं वितळून आत पाणी हलू लागण्याआधीच पॅक भरल्यानं पेंटा लसीची व्हायल गोठली होती, आणि ती गुपचूप टाकून दिली होती. कुणी तिच्याकडे वळून बघितलं नाही, हेच पुष्कळ झालं.

पावसाळ्याच्या तोंडाशी तालुक्याचं सर्पदंश प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला मावशींना बोलावलं. त्यांच्या प्रवासभत्त्याच्या बिलावर आक्षेप आला, गट-ड कर्मचारी प्रशिक्षक म्हणून अनुज्ञेय नाही. ते बिल मी सोडून दिलं आणि पेट्रोलचे पैसे खिशातून दिले. हे बरोबर नाही, माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. त्या आराखड्याला मावशींच्या पेट्रोलची तरतूद करता यायला हरकत नसावी.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. मावशींनी टेबलावर थर्माकोल ठेवला, त्यात दोन नळ्या. एक पाकिटातून फोडलेली, दुसरी सगळ्यांसमोर पावडरनं घासून, धुऊन, पंख्याखाली वाळवलेली. रक्त माझं काढलं. घड्याळावर टिकली लावली. पहिली पाच मिनिटं लोक मोबाईल बघत होते, नंतर बंद केले. काटा टिकलीखाली गेला. पहिली नळी वाकडी केली, गोळा हलला नाही. दुसरी केली, रक्त काचेवरून खाली आलं.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या, दुसऱ्या एका केंद्राच्या परिचर. “आमी बी धुतो नळ्या,” त्या म्हणाल्या. “आता आमाले बी नोटीस येईन का?”

मावशींनी उत्तर दिलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, सभागृहही.

नोटीस येणार नाही, मी म्हणालो, आणि महिन्याला नळ्या किती लागतात ते विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. मी सगळ्यांसमोर तो मागणीपत्रावर लिहिला, आणि मावशींनी पुढे वाकून बरोबर लिहिलाय का ते बघितलं.